शाल-श्रीफळ आणि नारळ

एफसी पुणे सिटी हा क्लब २०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) पाच हंगाम खेळला आणि तेवढ्यात त्याच्या मुख्य प्रशिक्षकाच्या जागेवर आठ नावे लागली. त्यातल्या एकाने संघाला एकही सामना खेळवला नाही. दुसऱ्याला तीन सामन्यांनंतर निरोप मिळाला. शेवटचा ज्या खुर्चीत बसला, ती खुर्चीच पुढच्या हंगामात उचलून हैदराबादला नेली गेली. या क्लबचे घर होते बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, म्हणजे पुणे शहर जिथे संपते आणि म्हाळुंगे, माण, हिंजवडी ही मुळशी तालुक्यातली गावे जिथे सुरू होतात, ती वेस. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या या संकुलात सामन्याच्या संध्याकाळी दिवे लागत, ‘ऑरेंज आर्मी’ नावाने ओळखले जाणारे समर्थक ढोल घेऊन बसत आणि त्यांच्यासमोर चुन्याने आखलेल्या एका चौकटीत दर वर्षी नवाच माणूस हातवारे करताना दिसे.

कामावरून काढण्याला मराठीत ‘नारळ देणे’ म्हणतात. सत्कारात शालीबरोबर हातात ठेवतात तेही श्रीफळ, म्हणजे नारळच. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला दोन्ही मिळतात. फरक असतो तो फक्त मधल्या दिवसांचा.

ही नोकरी नेमकी कसली, हे आधी पाहायला हवे, कारण नावावरूनच घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीचा ‘मॅनेजर’ संघ निवडायचा, सराव घ्यायचा आणि कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला विकायचे, हेही ठरवायचा. इटली, स्पेन वगैरे देशांत ही कामे वाटली गेली: खरेदी-विक्री क्रीडा संचालकाकडे, मैदान प्रशिक्षकाकडे. भारतात दुसरी पद्धत आली, पण अर्धवट. क्लबात मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, कधी तांत्रिक संचालक असतो, वर मालक असतात, आणि ‘हेड कोच’ म्हणून आलेल्या परदेशी माणसाला आपला हात कुठपर्यंत पोहोचतो हे अनेकदा आल्यावरच कळते. अकरा कोण, रचना कोणती, बदली खेळाडू कधी उतरवायचा, आठवडाभर सराव काय घ्यायचा, हे त्याच्या हातात. संघात मुळात कोण आहे, गुडघा कोणाचा दुखावला, रेफरीने शिट्टी कधी वाजवली आणि खेळाडूंचा पगार वेळेवर झाला की नाही, हे त्याच्या हातात नसते. गुणतक्ता मात्र या दोन्ही प्रकारच्या गोष्टींची एकत्र बेरीज करतो आणि ती एकाच माणसाच्या नावावर मांडतो.

पुणे सिटीचा पहिला प्रशिक्षक फ्रँको कोलोम्बा. इटलीत नापोली, बोलोन्या, पार्मा अशा क्लबांत काम केलेला अनुभवी माणूस. क्लबचा तेव्हा फ्लोरेन्सच्या फिओरेंटिनाशी करार होता, म्हणून इटालियन वळण. संघात १९९८चा विश्वविजेता फ्रेंच खेळाडू डेव्हिड त्रेझेगे होता. आठ संघांची लीग, ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपणारी, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने. पुणे सहावे आले. कोलोम्बा गेला. २०१५ला डेव्हिड प्लॅट आला. १९९०च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी गोल करून इंग्लंडला पुढे नेणारा तोच प्लॅट. पुणे सातवे आले. प्लॅटही गेला.

या दोघांना काढले म्हणणे खरे तर जास्तच होईल. सुरुवातीची आयएसएल दोन-अडीच महिन्यांची होती आणि करार बहुधा तेवढ्याच हंगामाचे. हंगाम संपला की करार संपे, आणि नवा कागद पुढे आला नाही की माणसाने समजून घ्यायचे. ऊसतोडीच्या टोळीला पट्टा पडल्यावर कोणी ‘काढले’ म्हणत नाही, तसेच हे. पण परिणाम एकच होतो. दर वर्षी नवी भाषा, नवी रचना, नवे सहायक. पहिल्या हंगामात शिकवलेले दुसऱ्या हंगामात पुसले जाते.

२०१६ला क्लबने सिद्ध झालेला माणूस आणला. अँटोनियो लोपेझ हबास या स्पॅनिश प्रशिक्षकाने आयएसएलचा पहिलाच करंडक कोलकात्याला मिळवून दिला होता. तो अंतिम सामना २० डिसेंबर २०१४ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि कोलकात्याने केरळला १-० असे हरवले. हबास पुण्यात आला, पण हंगामाचे पहिले काही सामने त्याला आधीच्या वर्षीच्या निलंबनामुळे बाहेर बसावे लागले. पुणे पुन्हा सहावे. तरी क्लबने त्याला ठेवले आणि पहिल्यांदाच सलग दुसऱ्या हंगामाची तयारी एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली सुरू झाली. मग सप्टेंबर २०१७मध्ये, लीग सुरू व्हायला जेमतेम दोन महिने उरलेले असताना, हबास आणि क्लब वेगळे झाले.

तोवर भारतीय खेळाडूंची निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, २३ जुलैलाच मुंबईत उरकला होता. म्हणजे नव्या माणसाच्या वाट्याला आधीच्याच्या कारकिर्दीत जमवलेला संघ आला. स्वयंपाकाची सामग्री एकाने आणायची आणि फोडणी दुसऱ्याने घालायची, असा प्रकार. हा दुसरा म्हणजे सर्बियाचा रान्को पोपोविच. गंमत अशी की, पुण्याचा सर्वांत चांगला हंगाम नेमका हाच ठरला. एमिलियानो अल्फारो आणि मार्सेलिन्हो या जोडीने गोल केले, पुणे चौथे आले आणि पहिल्यांदाच बाद फेरीत गेले. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बेंगळुरूशी ०-० अशी बरोबरी झाली. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक करून ३-१ने विषय संपवला. त्याआधी, हंगाम चालू असताना, रेफरींवर केलेल्या टीकेबद्दल पोपोविचला निलंबनही भोगावे लागले होते. हंगामानंतर तोही पुण्यात राहिला नाही.

२०१८चा उन्हाळा म्हणजे या सगळ्या गोष्टीचा कळस. क्लबने मार्कोस पाकेटा या ब्राझिलियनाचे नाव जाहीर केले. ब्राझीलच्या सतरा आणि वीस वर्षांखालील संघांना २००३मध्ये विश्वविजेते करणारा आणि २००६च्या विश्वचषकात सौदी अरेबियाला घेऊन जाणारा हा प्रशिक्षक. पण पुण्याच्या मैदानावर तो उभा राहण्याआधीच रिओच्या बोटाफोगो क्लबचे बोलावणे आले आणि तो तिकडे गेला. बोटाफोगोने त्याला पाच सामन्यांनंतर काढले. पुण्याने मग मिगेल आंखेल पोर्तुगालला आणले. नाव पोर्तुगाल, माणूस स्पॅनिश, आणि आधीच्या हंगामात दिल्ली डायनामोजचा प्रशिक्षक. दिल्लीशी १-१, मुंबईकडून ०-२, बालेवाडीत बेंगळुरूकडून ०-३. तीन सामने, एक गुण. ऑक्टोबर संपायच्या आत त्याला नारळ मिळाला.

तीन सामन्यांत प्रशिक्षकाची पारख होते का? होत नाही. अठरा सामन्यांच्या लीगमध्ये तीन सामने म्हणजे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी विसर्जनाचा हिशेब मागण्यासारखे. पण मालकांच्या बाजूने पाहिले तर हंगाम छोटा, बाद फेरीच्या जागा चार आणि हाताशी बदलण्याजोगी वस्तू एकच. पंचवीस खेळाडूंचे करार मध्येच मोडता येत नाहीत, नव्या खेळाडूंसाठी खिडकी जानेवारीत उघडते. प्रशिक्षक मात्र मंगळवारी काढता येतो आणि बुधवारी सरावाला दुसरा उभा करता येतो. हकालपट्टीचे खरे कारण बहुतेक वेळा इतकेच असते.

बुधवारी उभा राहिलेला तो दुसरा म्हणजे प्रद्युम रेड्डी. तो क्लबच्याच व्यवस्थेतला होता आणि त्याला ‘हंगामी’ प्रशिक्षक केले गेले. मराठीत हा शब्द दुहेरी चालतो. हंगामापुरता तो हंगामी आणि तात्पुरता तोही हंगामी. आयएसएलमध्ये सगळेच पहिल्या अर्थाने हंगामी असतात. भारतीय प्रशिक्षक मात्र अनेकदा दुसऱ्या अर्थाने. डिसेंबरात इंग्लंडचा फिल ब्राउन आला आणि रेड्डी बाजूला झाला. पुणे २२ गुणांसह सातवे आले.

फिल ब्राउन जगभर ओळखला जातो तो दहा-बारा मिनिटांच्या एका प्रसंगामुळे. २००८मध्ये त्याने हल सिटीला पहिल्यांदाच इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये नेले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला संघ ०-४ने मागे होता. ब्राउन खेळाडूंना घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेलाच नाही. त्याने त्यांना आपल्या समर्थकांच्या स्टँडपुढे गवतावर गोल बसवले आणि हजारो लोकांदेखत बोट नाचवत झापले. सामना १-५ने हरलाच. २०१०च्या मार्चमध्ये हलने त्याला ‘गार्डनिंग लीव्ह’वर पाठवले. इंग्रजांची ही सोय मोठी मासलेवाईक आहे. पगार चालू, पण कामावर यायचे नाही आणि दुसरीकडे नोकरीही धरायची नाही. घरी बसून गुलाबांना पाणी घाला.

पुण्यात ब्राउनने हंगाम पूर्ण केला, पण क्लब टिकला नाही. वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन यांच्या मालकीचा हा क्लब आर्थिक अडचणींनंतर २०१९मध्ये बंद झाला आणि त्याची आयएसएलमधली जागा नव्याने निघालेल्या हैदराबाद एफसीला मिळाली. ब्राउन सामानासकट तिकडे गेला. हैदराबाद तळाला गेले आणि जानेवारी २०२०मध्ये त्याला काढले गेले.

आता नेमणूक कशी होते ते. प्रशिक्षकाला परवाना लागतो. आशियात सर्वांत वरचा परवाना ‘एएफसी प्रो’ आणि युरोपातला ‘यूएफा प्रो’. हा अभ्यासक्रम लांबलचक, खर्चिक आणि मोजक्या जागांचा. भारतात असे परवानाधारक थोडे होते, म्हणून आयएसएलच्या सुरुवातीच्या वर्षांत मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि सहायक भारतीय, अशी रचना पक्की झाली. एजंट नावे सुचवतात, क्लब चार-पाच जणांशी व्हिडिओवर बोलतो. निवडलेला माणूस एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा सहायक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, तंदुरुस्ती बघणारा, अशी तीन-चार माणसे येतात. त्यामुळे एकाला नारळ म्हणजे प्रत्यक्षात चार-पाच नारळ, आणि तेवढ्या जणांच्या परतीच्या तिकिटांचा खर्च. वर्तमानपत्रात नाव एकाचेच छापून येते.

काढण्याची रीत जास्त औपचारिक असते. क्लबच्या पत्रकात ‘काढले’ हा शब्द क्वचितच सापडतो. ‘परस्पर संमतीने वेगळे होण्याचा निर्णय’ झालेला असतो, त्यापाठोपाठ योगदानाबद्दल आभार आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. या संमतीचा अर्थ पैशाचा आहे. प्रशिक्षकाचा करार ठरावीक मुदतीचा असतो आणि तो एका बाजूने मोडायला सबळ कारण लागते. सामने हरणे हे सहसा सबळ कारण धरले जात नाही. फिफाने प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र नियम केले ते १ जानेवारी २०२१पासून लागू आहेत. कारण नसताना काढले तर उरलेल्या मुदतीचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, आणि त्याच काळात प्रशिक्षकाला दुसरी नोकरी लागली तर तिथली कमाई त्यातून वजा होते. उलट क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट पाहिल्यावर प्रशिक्षकाला करार मोडता येतो. म्हणून दोन्ही पक्ष टेबलावर बसतात, मधला आकडा काढतात आणि मग ‘परस्पर संमती’ जन्माला येते.

आकडा निघाला नाही तर काय होते, हे भारतीय फुटबॉल महासंघाने अनुभवले. राष्ट्रीय संघाचा क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच याचा करार २०२६पर्यंत होता. विश्वचषक पात्रतेच्या फेरीत भारत बाहेर पडल्यावर जून २०२४मध्ये महासंघाने त्याला काढले. तो फिफाकडे गेला. अखेर सुमारे ४ लाख डॉलरवर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून अधिक रकमेवर तडजोड झाली. करार वाढवताना घाई आणि मोडताना त्याहून घाई, याची ही किंमत.

प्रशिक्षकालाही सोडून जाण्याची वाट कराराने ठेवलेली असते. ठरलेली रक्कम भरा आणि माणूस घेऊन जा. डिसेंबर २०२१मध्ये कोलकात्याचा एटीके मोहन बागान आणि हबास वेगळे झाले आणि क्लबने एफसी गोवाच्या हुआन फेरांडोला अशीच रक्कम भरून उचलले. गोव्याला हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक उरला नाही. दोन वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, कोलकात्याने फेरांडोला काढले आणि त्याच्या जागी आणले ते हबासलाच. हबासने उरलेल्या हंगामात संघाला साखळीतले पहिले स्थान मिळवून दिले. पुण्यात सहाव्या क्रमांकाच्या पुढे न गेलेला हाच तो प्रशिक्षक.

प्रशिक्षक हटवण्याचा सगळ्यात चक्रावणारा दाखला गोव्याचा आहे. सर्जिओ लोबेरा २०१७पासून एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. त्याचा संघ चेंडू पायात खेळवत, भरपूर गोल करत जिंकायचा. ३१ जानेवारी २०२० रोजी गोवा गुणतक्त्यात अव्वल होता, साखळीचे तीन सामने उरले होते, आणि क्लबने लोबेराला काढले. कारण निकालांचे नव्हते, क्लब आणि प्रशिक्षक यांच्यातल्या संबंधांचे होते. गोव्याचाच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा हंगामी प्रशिक्षक झाला. पुढे काय व्हावे? हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामने, चौदा गोल. गोव्याने साखळी जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव नोंदवले. मग उपांत्य फेरीत चेन्नईकडून पहिला सामना १-४ने गमावला. परतीचा सामना ४-२ने जिंकूनही एकूण एका गोलाने गोवा बाहेर.

म्हणजे हकालपट्टी बरोबर होती की चूक? तीन विजय पाहणारा म्हणेल बरोबर, उपांत्य फेरी पाहणारा म्हणेल चूक. आणि दोघांनाही पुढचे प्रकरण गप्प बसवते. लोबेरा मुंबई सिटीकडे गेला. त्याच्यामागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई हे खेळाडूही मुंबईत आले. करोनामुळे २०२०-२१ची सगळी स्पर्धा गोव्यातच झाली. मुंबईने साखळीत पहिला क्रमांक मिळवला, उपांत्य फेरीत एफसी गोवालाच पेनल्टीवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर बिपिन सिंगच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलाने करंडकही घेतला. ज्या मैदानावरून लोबेराला निरोप मिळाला होता, तिथेच.

अशा वैयक्तिक कहाण्या कितीही रंगल्या तरी एक प्रश्न उरतोच. प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो का? अर्थशास्त्रज्ञांना हा प्रश्न आवडतो, कारण कंपनीचा प्रमुख बदलल्याचा परिणाम मोजायला वर्षे जातात आणि फुटबॉलमध्ये दर आठवड्याला निकाल लागतो. नेदरलँड्सच्या बास तेर वील यांनी तिथल्या सर्वोच्च लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारताना दिसतो, हे खरे. पण जे संघ तितकेच घसरले होते आणि ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, तेही साधारण तितकेच सुधारले होते.

यात जादू नाही. प्रशिक्षकाला काढतात तेव्हा संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलेला असतो. चेंडू खांबाला लागलेला असतो, पेनल्टी हुकलेली असते, दोन खेळाडू जखमी असतात. असे दुर्दैव फार दिवस टिकत नाही, आणि संघ आपोआप आपल्या पातळीला परत येतो. मुळशीत ताम्हिणीच्या बाजूला जुलैत पावसाने आठवडाभर दडी मारली आणि कोणी देवाला पाण्यात ठेवले, तर पुढच्या आठवड्यात पाऊस पडणारच. तो घाटमाथा आहे, जुलै आहे. पण श्रेय देवाला पाण्यात ठेवणाऱ्याला जाते. नव्या प्रशिक्षकाचे पहिले तीन विजय बहुतेक वेळा याच जातीचे असतात. अर्थात कधी खरोखरच चुकीचा माणूस जागेवर असतो आणि त्याला काढणे हाच उपाय असतो. सरासरी एवढेच सांगते की, क्लब समजतात तितक्या वेळा तसे नसते.

आयएसएलमध्ये तर संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जाण्याची भीतीही नव्हती. इंग्लंडमध्ये तळाला जाणारा क्लब खाली उतरतो आणि कोट्यवधी पौंड गमावतो, म्हणून तिथली घाबरगुंडी समजण्यासारखी आहे. लेस्टर सिटीने २०१६मध्ये अशक्य वाटणारे विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरीला नऊ महिन्यांत काढले, ते याच भीतीपोटी. पुणे सातवे आले काय आणि दहावे आले काय, पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये खेळणार होते. तरी खुर्ची हलत राहिली. इथे भीती होती ती रिकाम्या स्टँडची आणि प्रायोजकाच्या फोनची.

याच पुण्यात याच्या नेमके उलटही घडले होते. अशोक पिरामल समूहाने २००७मध्ये पुणे एफसी काढला आणि आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये आल्यावर तो डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाकडे सोपवला. त्याने मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. पुण्यात पहिल्याच हंगामात, २००९-१०ला, संघ तिसरा आला. पुढचे हंगाम चढउताराचे गेले, पण डेरिकची जागा कायम राहिली आणि २०१२-१३मध्ये पुणे एफसी चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. बाजूला तरुण खेळाडूंची अकादमीही उभी राहिली होती. झगमगाट नव्हता. बालेवाडीच्या स्टँडमध्ये मोजकी डोकी असायची. पण एका प्रशिक्षकाला चार वर्षे मिळाली तर काय होते, याचा पुण्यापुरता एवढाच नमुना आहे. २०१५नंतर तो क्लबही राहिला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आटोपला, डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७मध्ये थांबला. पुण्यात प्रशिक्षकांपेक्षा क्लबांचीच नोकरी जास्त कच्ची निघाली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

गोव्यात धेंपो क्लबचा आर्मांडो कोलासो एका तपाहून अधिक काळ एकाच क्लबात राहिला आणि त्याने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. मँचेस्टर युनायटेडमध्ये अॅलेक्स फर्ग्युसनला पहिला करंडक मिळायला चौथे वर्ष उजाडले आणि लीगचे पहिले विजेतेपद सातव्या हंगामात आले. आजच्या हिशेबाने त्याला त्याआधी तीनदा तरी नारळ मिळाला असता. मुळशीकरांना याहून जवळचा दाखला तालमीतला आहे. तालमीत वस्ताद असतो. पोरगा आखाड्यात चितपट झाला तर वस्ताद बदलत नाहीत, पोराची मेहनत वाढवतात. अर्थात तालमीला प्रायोजकाला उत्तर द्यायचे नसते आणि मल्ल डावपेचांसह वस्तादाच्या हाताखालीच वाढलेला असतो. फुटबॉल क्लबात माणसे तयार आणतात, त्यामुळे शिकवणाऱ्याशी कोणाचे नाते जुळायला वेळच नसतो.

मुंबईची एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तिचा शेवट अजून चालू आहे. खालिद जमील मुंबई एफसीचा प्रशिक्षक २००९पासून सात वर्षे होता. पैसा कमी, संघ साधा, आणि दर वर्षी उद्दिष्ट एकच: खाली उतरायचे नाही. ते त्याने दर वर्षी साधले. बचावावर भर देणारा त्याचा खेळ पाहायला रटाळ, अशी तक्रार कायम असे. २०१६मध्ये क्लबने त्याची साथ सोडली. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीगच्या तळाला गेला, खाली उतरला आणि मग बंदच झाला. खालिद गेला मिझोरमच्या ऐजॉल क्लबकडे. हा क्लब आधीच्या वर्षी खाली उतरलेला, गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे परत घेतलेला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉल मोहन बागानला एका गुणाने मागे टाकत आय-लीगचा विजेता ठरला. ईशान्येकडच्या राज्यातला हा पहिला विजेता.

त्याला पुढे आयएसएलमध्ये जागा मिळाली तीही आधी हंगामी म्हणूनच. २०२१च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षक काढला आणि खालिदला उभे केले. त्याने संघ बाद फेरीत नेला. आयएसएलमध्ये हे करणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक. २०२३च्या अखेरीस तो जमशेदपूरला गेला, तोही हंगामाच्या मध्यात, दुसऱ्याच्या जागी.

पुण्याची आयएसएलमधली जागा घेणाऱ्या हैदराबादला ब्राउननंतर २०२०मध्ये स्पेनचा मनोलो मार्केझ मिळाला. त्याला तीन हंगाम मिळाले आणि दुसऱ्या हंगामात, २० मार्च २०२२ रोजी, फातोर्डावर केरळला पेनल्टीवर हरवून हैदराबाद आयएसएलचे विजेते झाले. बालेवाडीत पाच वर्षे जमले नाही ते त्याच जागेवर आलेल्या क्लबने तिसऱ्या वर्षी केले. स्टिमाचनंतर भारताच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे मनोलोकडेच आली. वर्षभरात निकाल बिनसले आणि जुलै २०२५मध्ये महासंघ आणि तो परस्पर संमतीने वेगळे झाले. ऑगस्टमध्ये त्याच्या जागी खालिद जमीलचे नाव जाहीर झाले. २०१२नंतर हे पद पूर्णवेळ सांभाळणारा तो पहिला भारतीय. आणि जमशेदपूर क्लब नवा प्रशिक्षक शोधायला लागला.